मिनीबस होळी ते दिवाळी उभी राहते, टायर कसे जपावे?

धामकाठ
९ मार्च, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला शेतकरी, १२ एकर कोरडवाहू. २०१९ मध्ये शाळेत चाललेली एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि वर्षभर खपून तिचं फिरतं घर केलं. दोन पलंग, शेगडीचा ओटा, १५० लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर. कापसाचे वेचे आटोपले, तूर घरात आली की आई-बाबांना घेऊन निघायचं. लोणार, शेगाव, चिखलदरा, नवेगावबांध, सगळं याच गाडीनं झालं. बाबांचे गुडघे गेलेत, आईला लॉजवर झोप लागत नाही. ही गाडी आहे म्हणून त्यांचं फिरणं आहे. होळीनंतर उन्हाळवाही सुरू झाली की गाडी खळ्यात जाते, ती दिवाळीलाच हलते.

यंदा जानेवारीत कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन वर्ध्याकडे परतत होतो. वेग ५० च्या आत. समोरचा डावा टायर फुटला, आणि बाबा त्याच बाजूला बसलेले. गाडी डावीकडे ओढली गेली. मी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ॲक्सिलरेटर सोडला. गाडी हळूहळू कडेच्या बाभळींपाशी थांबली. कोणाला खरचटलंही नाही. बाबा उतरून बराच वेळ टायरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर नवाच होता ना?"

त्यांचं चुकलं नव्हतं. नक्षी पाहिली तर टायर नवाच वाटत होता. पंक्चरवाल्यानं ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि तिथला चार आकडी शिक्का दाखवला. २२१५, म्हणजे २०१५ सालच्या २२व्या आठवड्यात बनलेला. साडेनऊ वर्षांचा टायर. त्यानं अंगठ्यानं साइडवॉल दाबली तेव्हा रिमच्या वर गोल फिरलेल्या बारीक भेगा उघडल्या. मे महिन्यातल्या काळ्या वावरासारख्या. सहापैकी चार टायर त्याच तारखेचे निघाले आणि स्टेपनी त्याहून जुनी, ०८१४. इतकी वर्षं मी फक्त नक्षी पाहून समाधानी होतो.

आता सातही टायर नवे टाकलेत. यंदाच्या तुरीचे बरेचसे पैसे त्यातच गेले, म्हणून हे टायर तरी नीट जपायचे आहेत. आतापर्यंत मी काय करत होतो ते लपवून न ठेवता सांगतो. गाडी काळ्या मातीवर उभी. पाण्याची टाकी भरलेली, कारण खळ्यात हात धुवायला बरी पडते. टायरला दरवर्षी गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडायचो. वरून काळी ताडपत्री. पंधरा दिवसांनी इंजिन पंधरा मिनिटं चालू करायचो आणि वाटायचं की गाडी जिवंत राहते. हवा मात्र सात महिन्यांत एकदाही मोजली नाही.

यात काय काय चुकलं? गाडी उभी करायला होळीपर्यंतचेच दिवस हातात आहेत.

पऱ्हाटीवाला
९ मार्च, रात्री १०:१५

भाऊ, सगळे वाचले ते लय मोठं झालं. मी तं म्हणतो चाकं काढा अन् कोठ्यात ठेवा. आमी ट्रॉलीचं तसंच करतो. उन्हायात काम नसते, ट्रॉली घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) उभी, टायर कोठ्यात अंधारात. एक चीर नाई पडत.

धामकाठ
९ मार्च, रात्री १०:३२

दादा, ट्रॉलीचं जमतं. पण या गाडीची मागची चाकं जोडीची आहेत, आतली-बाहेरची मिळून चार. सहा चाकं काढून गाडी सात महिने घोड्यांवर ठेवायची म्हणजे भीती वाटते. खळं सगळं काळ्या मातीचं.

बस_दारव्हा
१० मार्च, सकाळी ७:०५

आमच्याकडे शाळेच्या बसगाड्या आहेत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दीड वर्षात शिकलो, आणि ते फार महाग पडलं.

काही गाड्या सिमेंटच्या अंगणात होत्या, काही मागच्या मोकळ्या जागेत मातीवर. सुरुवातीला दर आठवड्याला इंजिन चालू करायचो, मग डिझेलचे पैसे जड जायला लागले. पगार थांबले होते, ड्रायव्हर आपापल्या गावी शेतात गेले होते. पावसाळ्यात मातीवरच्या गाड्यांची चाकं चार बोटं रुतली. पाणी उतरल्यावर ती माती टायरच्या बुडाला सुकून बसली. गाड्या बाहेर काढायची वेळ आली तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

ज्या गाड्यांचं तोंड उत्तरेला होतं त्यांच्या डाव्या अंगाचे, म्हणजे पश्चिमेकडचे टायर जास्त तडकले होते. उजव्या अंगाच्या टायरवर दुपारनंतर गाडीचीच सावली पडत होती. गाडी तीच, टायर एकाच दिवशी घेतलेले, तरी दोन बाजूंत एवढा फरक. तेव्हापासून मी गाडीचं तोंड पूर्व-पश्चिम ठेवतो, म्हणजे चारचं ऊन टायरच्या बाजूवर सरळ पडत नाही. भिंत असेल तर ती पश्चिमेला घेतो.

दुसरं, हँडब्रेक. ओढून ठेवलेल्या गाड्यांचे ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला चिकटले. दोन गाड्यांचे ड्रम हातोड्यानं ठोकून सोडवावे लागले. आता गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला मागून-पुढून लाकडी ठोकळे लावतो. हँडब्रेक मोकळा.

तिसरं, टायर चपटे झाले होते. पहिले काही किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी उडत गेली. नायलॉनच्या टायरांचं असं जास्त होतं. काहींचं २५-३० किलोमीटर चालल्यावर गरम होऊन गेलं. ज्यांची हवा पूर्ण उतरून गाडी महिनोन्‌महिने रिमवर बसली होती, ते टायर परत सरळ झालेच नाहीत. ते मी फेकले. एवढ्या अडचणीतही फेकले, कारण त्या गाडीत लोकांची लेकरं बसतात.

टायरघर_वणी
१० मार्च, दुपारी १:२०

२२ वर्षांपासून टायर आणि रिमोल्डच्या, म्हणजे झिजलेल्या टायरला नवी नक्षी चढवायच्या धंद्यात आहे. धागाकर्त्यांनी मोकळेपणानं लिहिलं म्हणून मीही सविस्तर लिहितो.

टायर बनवताना रबरात मेण आणि काही रसायनं घालतात. गाडी चालते तेव्हा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो, आणि या घुसळणीत ते मेण हळूहळू वर येऊन पातळ थर धरतं. हवेतला ओझोन रबराला खातो, त्याला हाच थर अडवतो. बरेचदा साइडवॉलवर तपकिरी झाक दिसते. लोक ती मळ समजून घासून काढतात, पण ते रबराचं औषधच बाहेर आलेलं असतं. गाडी उभी राहिली की वर येणं थांबतं. थर उडून जातो आणि नवा येत नाही. ओझोन ताणलेलं रबर आधी पकडतो. उभ्या गाडीचा टायर खालच्या बाजूला फुगलेला असतो, तिथली कातडी सतत ताणात. हवा कमी असेल तर ताण आणखी वाढतो. भेगा तिथूनच सुरू होतात.

म्हणून रोज चालणाऱ्या ट्रकचा टायर झिजून मरतो आणि तुमच्यासारख्या गाडीचा वाळून मरतो. फिरत्या घराच्या बाबतीत नक्षी पाहू नका, तारीख पाहा. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर रिमवरून उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या. दहा वर्षांनंतर कितीही सुंदर दिसला तरी तो ठेवायचा नाही. आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन खाल्लेल्या टायरला मी दहापर्यंतही थांबत नाही. सातव्या वर्षी गिऱ्हाइकाला सांगतो की आता बदला. चार आकडी शिक्का एकाच बाजूला असतो आणि तो बरेचदा आतल्या बाजूला बसवलेला निघतो. गाडीखाली वाकून पाहावं लागतं.

आता जळकं ऑइल. हे कृपा करून थांबवा. ऑइल, डिझेल, रॉकेल रबरात मुरतं, रबर फुगवतं, मऊ करतं आणि ते मेणाचं औषध धुऊन नेतं. चार दिवस टायर काळाभोर चमकतो आणि आतून कमजोर होतो. पंपाजवळ मिळणारी चकाकीची पॉलिशही पेट्रोलच्या जातीची असेल तर तेच करते. साधा साबण, पाणी, मऊ ब्रश, आणि टायर सुकू द्यायचा. बस. ज्या जमिनीवर ऑइल सांडलंय किंवा ताजं डांबर आहे तिथेही गाडी उभी करू नका.

इंजिन पंधरा मिनिटं चालू करून टायरला काही मिळत नाही. टायर फिरतच नाही. बॅटरीसाठी सोलर आहेच तुमच्याकडे. एकतर महिन्यातून एकदा २५-३० किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर गाडीला स्वस्थ उभी राहू द्या.

आणखी एक. वेल्डिंगच्या दुकानाजवळ टायर ठेवू नका. इलेक्ट्रिक वेल्डिंगच्या झोतानं हवेत ओझोन तयार होतो. माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं चार नवे टायर दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवले होते. ऊन नाही, पाऊस नाही, तरी वर्षभरात बाजू तडकल्या.

जुना_ड्रायव्हर
१० मार्च, संध्याकाळी ६:४५

मी एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. आमच्या वेळेस डेपोत टायरला काळं लावायचे आणि कधी असं फुटलं नाही. घरच्या बंडीचे डनलॉप टायरही आम्ही ऑइल लावूनच ठेवतो. जुन्या माणसांनी काही विचार केलाच असेल ना?

टायरघर_वणी
१० मार्च, रात्री ८:१०

काका, तुमचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, तो खोटा म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त एक गोष्ट पाहा. तुमची गाडी रोज दोन-तीनशे किलोमीटर चालायची. तो टायर वर्षा-दीड वर्षात झिजून रिमोल्डला जायचा. ऑइलचं नुकसान दिसायला जेवढी वर्षं लागतात तेवढं त्याचं आयुष्यच नव्हतं. बंडीचा टायर ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो, तडकला तरी बैल थांबतात. इथे गाडी ६० नं चालते आणि आत माणसं झोपलेली असतात.

जुना_ड्रायव्हर
१० मार्च, रात्री ९:००

हे पटलं. टायर इतका वेळ हातात राहतच नव्हता. घरच्या बंडीलाही यंदा लावणार नाही, पाहू काय होते ते.

एक मात्र माझ्याकडून घ्या. जोडीच्या चाकांत आतल्या टायरची हवा कोणी पाहत नाही. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकतात आणि 'ठीक आहे' म्हणतात. टॉमीनं बसलेला टायर कळतो, हवेचा दाब २० पौंडांनी कमी झालेला कळत नाही. आतला बसला की बाहेरचा एकटा दोघांचं वजन ओढतो आणि मग तो फुटतो. वॉलला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला, लांब नळी बसवून घ्या आणि मीटरनं मोजा.

चुलबंदकाठ
११ मार्च, सकाळी ११:३०

मी भंडाऱ्याकडची. घरचे फौजेत आहेत, त्यामुळे कार, ट्रॅक्टर, ट्रॉली सगळं मलाच पाहावं लागते. चाकाखाली काय ठेवायचं यावर बरेच प्रयोग झाले म्हणून लिहिते.

आधी बाभळीच्या फळ्या ठेवल्या. एका पावसाळ्यात उधईनं (वाळवीनं) आतून पोखरल्या. वरून फळी धडधाकट दिसायची आणि एके दिवशी मागचं चाक एका बाजूनं खचलं. जोडीच्या चाकांना हे फार वाईट. दोन्ही टायर सारखे टेकले नाहीत तर सगळा भार एकावर येतो. मग शेणखताच्या जुन्या उकिरड्याची जागा सपाट करून तिथे उभी केली, तेही चुकलं. तिथे ओल कायम राहते.

आता चाकांच्या रेषेत दोन पट्टे खोदले आहेत, वीतभर खोल. काळी माती पूर्ण काढली, मुरूम टाकून धुम्मसनं ठोकला, वर चुरी आणि त्यावर रस्त्याच्या कडेला लावतात ते सिमेंटचे गट्टू. पट्टा जोडीच्या चाकाच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून वीतभर जास्त. टायरची कड हवेत लोंबायला नको. गट्टूवर कोळसा खाणीच्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा टाकला. भंगारात मिळतो, त्याला उधई लागत नाही. फक्त ऑइल-ग्रीस माखलेला घेऊ नका.

पट्टा लांब करा. महिन्यातून एकदा गाडी दोन फूट पुढे आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन फूट नेते. तेवढ्यात चाक पाव फेरा फिरते आणि नवा भाग खाली येते. इंजिन चालू करायचंच तर यासाठी करा.

झाकण्यासाठी बारदाना लावत होते. त्यात उंदीर शिरले आणि उंदरांमागे साप. एकदा मण्यार निघाली. तेव्हापासून कोणतंही झाकण काढण्याआधी काठीनं ठोकते आणि पोरांना जवळ येऊ देत नाही.

पऱ्हाटीवाला
११ मार्च, दुपारी २:०५

ताई, हे लय कामाचं सांगतलं. आमच्या ट्रॉलीखाली बी उधई लागते. उन्हाचं मात्र सोपं हाय. तुराट्याचा नाईतं पराट्याचा तट्टा बांधून गाडीले टेकवून द्याचा. गार राह्यते.

बस_दारव्हा
११ मार्च, दुपारी ३:४०

तट्टा चालेल, पण गाडीला टेकवून नको. उन्हाळ्यात धुरे पेटवतात, एक ठिणगी आली तर तुराट्या आणि गाडी दोन्ही जातील. बांबूचा तट्टा लावा, गाडीपासून चार-पाच फूट लांब, पश्चिमेला. आणि गॅस सिलिंडर आठवणीनं घरात आणा.

धामकाठ
११ मार्च, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खळ्याऐवजी घराच्या पूर्वेला उभी कर, म्हणजे दुपारी दोननंतर घराचीच सावली. इतकी वर्षं ही जागा रिकामी होती आणि आम्ही तिथे कडबा रचत होतो.

दोन प्रश्न उरले. हवा किती ठेवू? आणि घोड्यांवर उचलायची की नाही?

टायरघर_वणी
१२ मार्च, दुपारी १२:५०

हवेसाठी आधी वजन करा. तुमच्या भागात जिनिंगच्या वजनकाट्यावर गर्दी नसेल तेव्हा जा. गाडी चालते तशी भरलेली न्या, टाकी, भांडी, अंथरूण सगळं. आधी फक्त समोरची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. फिरतं घर बनवणारे लोक बरेचदा एकाच अंगाला टाकी आणि ओटा घेतात आणि समोरच्या एका टायरवर भार जातो. टायरवर कमाल वजन आणि कमाल हवा दोन्ही छापलेलं असतं. कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे हवा मिळते.

उभी करताना चालवायच्या हवेपेक्षा थोडी जास्त भरा, पण टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीही नाही. जास्त हवेमुळे टायर खाली कमी दबतो. बाहेर काढताना परत बरोबर करायची. मोजायची ती पहाटे, टायर थंड असताना.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, तिनं पुष्कळ लोक फसतात. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पौंड हवा सोडतो. पण मार्चच्या पहाटेला २० अंश असतात आणि मेच्या पहाटेला ३०. गरमीनं आतली हवा फुगते आणि ७० च्या टायरमध्ये आकडा अडीच-तीन पौंडांनी वर जातो. म्हणजे मेमध्ये मीटर सांगते 'फार काही गेलं नाही', आणि तोवर चार-पाच पौंड गेलेले असतात. पाऊस पडून गारवा आला की एकदम बसलेला दिसतो आणि आपण म्हणतो पंक्चर झालं. म्हणून दर महिन्याला तारीख, आकडा आणि त्या वेळचं हवामान लिहून ठेवा. नायट्रोजनच्या मागे लागू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तुमच्या कामाला नियमित मोजलेली साधी हवा पुरेशी आहे.

घोड्यांवर उचलण्याबद्दल: पक्कं काँक्रीट असेल, ॲक्सलखाली योग्य जागी टेकवायला माहीतगार माणूस असेल, तर टायरला नक्की आराम मिळतो. काळ्या मातीवर नको. ती पावसात फुगते, एक घोडी रुतते, दुसरी रुतत नाही आणि गाडी कलंडते. ताईंसारखे पट्टे केले, वजन उतरवलं, हवा राखली आणि गाडी महिन्याला सरकवली तर उचलायची गरज नाही. तुमची १५० लिटरची टाकी म्हणजे दीड क्विंटल. ती आधी रिकामी करा.

आणि हे सगळ्यांसाठी. उभ्या गाडीचा टायर पूर्ण बसलेला सापडला तर शेजारी उकिडवं बसून कॉम्प्रेसर लावू नका. जॅकनं वजन उचला, मग थोडी थोडी भरा, तोंड बाजूला ठेवा. आणि कमी हवेवर, म्हणजे ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला तारेचा रेडियल असेल तर परत हवा भरण्याआधी तो उतरवून आतून तपासलाच पाहिजे. आतल्या तारा तुटलेल्या असतात आणि हवा भरताना बाजू चेनसारखी उसवून फुटते. माझ्या धंद्यातल्या माणसांचे हात यात गेलेत.

चुलबंदकाठ
१२ मार्च, दुपारी ४:२५

झाकणाबद्दल एक राहून गेलं. काळी ताडपत्री नको, आत भट्टी होते. मी युरियाच्या पांढऱ्या पोत्यांचे गोल शिवून घेतले. पोती दोन पाण्यातून धुवा, खताचा अंश राहिला तर रिम गंजते. एक उन्हाळा टिकतात, मग भुगा होते. खालून चार बोटं उघडं ठेवा, हवा खेळली पाहिजे.

धामकाठ
२५ मे, सकाळी ६:१०

आज नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. इथे सकाळीच अंगाची लाही होत आहे, म्हणून आधी गाडीकडे गेलो आणि आता इथे लिहितो.

होळीच्या सुमारास सगळं केलं. घराच्या पूर्वेला मुरूम-गट्टूचे पट्टे, १४ फूट लांब जास्तीचे. खाणीचा पट्टा वणीहून आणला, टायरघर भाऊंनी भंगारवाल्याचा ठिकाणा दिला. टाकी रिकामी, सिलिंडर घरात, गाद्या माळ्यावर. वजनकाट्यावर एकेका अंगाची चाकं वेगळी घेतली तेव्हा कळलं की समोरच्या डाव्या चाकावर खरंच जास्त भार होता, ओटा आणि टाकी दोन्ही त्याच अंगाला. फुटला तो टायर तोच. टाकी आता मागच्या ॲक्सलवर मधोमध घेतली आहे.

मार्चमध्ये गाडी उभी केली तेव्हा सगळ्या टायरमध्ये ७० भरली होती. आज पहाटे ३१ अंशांना पाच टायर ६७ ते ६९ दाखवतात. मागचा उजवा आतला ६१. टायरघर भाऊंचं वाचलं नसतं तर पाचही 'एकदम बरोबर' समजून मी निघून गेलो असतो. आतल्याच्या वॉलवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडे आले. पिन बदलली, सगळीकडे ७० केली.

जुना_ड्रायव्हर
२५ मे, सकाळी ८:००

म्हणालो होतो ना, आतला. शाब्बास.

बस_दारव्हा
२५ मे, सकाळी ९:३५

पाऊस सुरू व्हायच्या आत घराच्या पागोळ्या पट्ट्यावर पडत नाहीत ना ते पाहा. कौलांचं पाणी रोज एकाच चाकावर पडलं तर खालचा मुरूम वाहून जाईल. आमच्याकडे झालं होतं.

धामकाठ
२५ मे, रात्री ८:५०

पाहिलं. मागचं चाक नेमकं पागोळीखाली येत होतं. गाडी दोन फूट पुढे घेतली आणि टिनाची पन्हळ लावली.

धामकाठ
२६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दिवाळी आटोपली. आज गाडी काढली. टायर साबणानं धुतले, काठीनं ठोकून मग झाकणं काढली, ताईंची आठवण ठेवून. साइडवॉल अंगठ्यानं दाबून पाहिली, सहाही टायरवर एकही चीर नाही. हवा चालवायच्या आकड्यावर आणली आणि रिकामीच गाडी पुलगावपर्यंत नेऊन आणली. पहिले सात-आठ किलोमीटर स्टिअरिंगला बारीक थरथर होती. पुढे ती गेली. येताना चारदा थांबून टायरला हात लावून पाहिला, सगळे सारखे कोमट.

हवेचं काम आता बाबांनी घेतलं आहे. मी जूनपासून पेरणीत अडकलो तेव्हा ते स्वतःच पहाटे काठी टेकत मीटर घेऊन जाऊ लागले. खाली बसता येत नाही म्हणून आई वॉलवर मीटर धरते आणि बाबा आकडा वाचतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या चौकोनात सहा आकडे आहेत, बाबांच्या अक्षरात.

पौषात चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला जायचं ठरलं आहे. मूल गावाकडून जाणार.

जुना_ड्रायव्हर
२६ ऑक्टोबर, रात्री ९:४५

मार्कंड्याला पहाटे पोहोचा, वैनगंगेवरचं ऊन कोवळं असते तेव्हा. कॅलेंडरवर सहाच आकडे का? स्टेपनी कोण पाहते?

धामकाठ
२६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

काका, आत्ता टॉर्च घेऊन जाऊन पाहिली. ५४ निघाली. ७० करून आलो. बाबांना सांगितलं, पुढच्या चौकोनात सात आकडे राहतील.